हा सल्ला कुणासाठी?

गेल्या दहा-बारा वर्षांत मराठवाड्यात आरोग्याच्या एका प्रश्नावर लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाद झडले. तो प्रश्न लातुरातून निघाला. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित गावोगाव व्याख्यानं देऊन सांगू लागले की दिवसातून दोनदाच जेवा. खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा अशा गोष्टीच घ्या आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, हे दीक्षित प्रत्येक व्याख्यानात सांगत. जिचकार २००४ मध्ये अपघातात गेले, पण त्यांच्या एका भाषणातला विचार लातूरमार्गे सगळ्या महाराष्ट्रात पोचला.

आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादेतही तो आला. मिरचीच्या आडतीवर दिवसभर गादीवर बसणारे, चहाच्या फेऱ्यांवर दिवस काढणारे आणि चाळिशीतच शुगर निघालेले कितीतरी लोक चहाला हात जोडू लागले. यात कुठली पावडर विकत घ्यायची नव्हती की महागडी तपासणीची पॅकेजं नव्हती. खर्च वाढण्याऐवजी कमी होत होता. हा विचार पसरला, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

पण त्याच काळात दुसरा सल्लाही तितक्याच जोरात ऐकू येत होता. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडं थोडं खायला सांगितलं होतं. मधुमेहाचे बहुतेक डॉक्टरही वर्षानुवर्षं तेच सांगत आले होते की उपाशी राहू नका, दिवसभरात पाच-सहा वेळा थोडं खा. २०१८ च्या सुमारास राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने लठ्ठपणाविरुद्धच्या मोहिमेसाठी दीक्षितांना पुढे केलं, तेव्हा काही मधुमेहतज्ज्ञांनी उघड हरकत घेतली. एका घरात सासरे दीक्षितांचे आणि सून दिवेकरांची, असा तो काळ होता.

या वादातून एक गोष्ट घडली आणि तिचं मोल मला फार वाटतं. आमच्याकडे डॉक्टरांचा शब्द शेवटचा मानण्याची रीत आहे. ती रीत पाळणाऱ्या लोकांनी पहिल्यांदाच विचारलं की हे कशावरून? रक्ततपासणीतलं एचबीए१सी म्हणजे काय, उपाशीपोटी इन्सुलिन का तपासायचं, हे दहावी शिकलेला माणूस बोलू लागला. रोजच्या आरोग्याच्या प्रत्येक सल्ल्याला हा प्रश्न विचारायला हवा आणि त्याला आणखी दोन जोडायला हवेत. हे तपासलं कुणावर? आणि माझ्या अंगाला, माझ्या कामाला ते लागू पडतं का?

आधी जेवणाचंच पाहू. ‘थोडं थोडं, वारंवार’ या सल्ल्याच्या बाजूने ज्याचा दाखला दिला जाई तो प्रयोग १९८९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. तेवढंच अन्न तीन जेवणांत आणि सतरा छोट्या खाण्यांत विभागून दिल्यावर काय होतं, हे त्यात पाहिलं होतं. सतरा वेळा खाणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल आणि इन्सुलिन कमी झालं. प्रयोगात माणसं किती? सात पुरुष, आणि मुदत दोन आठवडे. मधुमेह्यांना हा सल्ला मिळण्याचं दुसरं कारण जास्त व्यवहारी होतं. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या जुन्या गोळ्या चालू असताना जेवण लांबलं तर साखर धोकादायक घसरते. म्हणजे हा सल्ला औषध घेणाऱ्याच्या सोयीसाठी होता. पुढे तो औषध न घेणाऱ्यांनाही सरसकट लागू झाला.

दोन जेवणांच्या बाजूचा चांगला प्रयोग २०१४ मध्ये प्रागहून आला. टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना बारा आठवडे दिवसातून सहा छोटी जेवणं आणि बारा आठवडे दोनच मोठी जेवणं दिली, एकूण अन्न दोन्ही वेळा सारखंच. सहा जेवणांत वजन सरासरी २.३ किलो उतरलं, दोन जेवणांत ३.७ किलो. दीक्षितांचं म्हणणं टिकतं, असं यावरून म्हणता येईल. पण त्या रुग्णांची दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण होतं. आमच्याकडे दोनदा जेवणारा सकाळी अकराला आणि रात्री नऊला बसतो. शिवाय ५५ मिनिटांचा आकडा त्या प्रयोगाने तपासलेला नाही. एका खाण्याला इन्सुलिनचा एकच लोंढा येतो आणि ५५ मिनिटांत आटोपलं तर दुसरा येत नाही, ही मांडणी लोकांना समजायला सोपी आहे. शरीर मात्र इतक्या नेमक्या घड्याळावर चालत असल्याचा भक्कम पुरावा माझ्या वाचनात आलेला नाही. २०२२ मध्ये चीनच्या ग्वांगझू शहरात १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला. काहींनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाल्लं, काहींनी वेळेचं बंधन न ठेवता तेवढंच मोजकं खाल्लं. वर्षअखेरीला दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक नव्हता.

माझं मत असं झालं आहे की दोन जेवणांनी ज्यांना फायदा झाला त्यांचा फायदा खरा आहे. मधले चार चहा, बिस्किटं, चिवडा, फरसाण सुटलं, एकूण खाणं घटलं, चालणं वाढलं. वजन पुरेसं उतरलं तर मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात येऊ शकतो, हे ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या प्रयोगाने दाखवून दिलं. त्यात वजन उतरवण्याच्या गटातल्या ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षअखेरीला गोळ्यांविना मर्यादेत आली होती. ‘मधुमेह एकदा झाला की जन्माचा’ हे ठाम वाक्य त्यामुळे सैल झालं, आणि तो मोठाच दिलासा आहे. पण ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाने डॉक्टरांना न सांगता उद्यापासून दोनदाच जेवायचं ठरवलं, तर दुपारी तो घामाघूम होऊन पडू शकतो. आधी औषधाची मात्रा बदलायची, मग जेवणाच्या वेळा. व्याख्यानात हे सांगितलं जातं. व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या चार ओळींत ते गळून जातं.

आता तोच सल्ला आडतीच्या गादीवरून खाली उतरवून पाहा. त्याच मिरचीच्या ढिगाऱ्यापाशी बसून दिवसभर देठ खुडणाऱ्या बाया दोनदाच जेवतात, कितीतरी वर्षांपासून. सकाळी भाकर आणि ठेचा, रात्री भाकर आणि पातळ वरण. त्यांना दोनदा जेवा म्हणून सांगायची गरज नाही. त्यांना ताटात डाळ, दूध, अंडं, भाजी वाढवून हवी आहे. पोट सुटलेल्या माणसासाठी तयार झालेला सल्ला रक्त कमी असलेल्या बाईने पाळला तर तिचं नुकसान होईल. वाड्यात आणि वस्तीत एकच व्याख्यान चालत नाही, आणि हे सांगणारा आवाज आमच्या वादात फारसा उमटला नाही.

काटक दिसणाऱ्याला धोका नाही, असाही अर्थ इथे घ्यायचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांची उंची-वजनाची पट्टी अगदी सारखी, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आत चरबी, ही आपल्याकडची ठेवण आहे. याज्ञिकांच्या पुणे परिसरातल्या खेड्यांमधल्या अभ्यासात तिची मुळं आईच्या पोटातल्या कुपोषणापर्यंत जाताना दिसतात. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायचं, आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटर ओलांडते का हे पाहायचं. काट्यापेक्षा टेप जास्त खरं सांगतो, आणि तो शिंप्याकडेही मिळतो. देशात मधुमेह झालेल्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेल्याचं २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीने सांगितलं. हा आजार आता शहरातल्या श्रीमंतांपुरता उरलेला नाही.

पाण्याचा सल्ला तर सगळ्यांच्या तोंडी आहे. रोज आठ ग्लास, कुणी म्हणतं चार लिटर. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळाने माणसाला रोज सुमारे अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं होतं. तिथेच पुढे त्यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं असंही म्हटलं होतं. पहिलं वाक्य जगभर गेलं, दुसरं मागे राहिलं. हाइन्झ वाल्टिन या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने २००२ मध्ये आठ ग्लासांमागचा पुरावा शोधला आणि निरोगी माणसासाठी तो सापडत नसल्याचं लिहिलं. पण मुतखडा होऊन गेलेल्याची गोष्ट वेगळी. इटलीत १९९ रुग्णांवर पाच वर्षं झालेल्या प्रयोगात दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, न पिणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. मे महिन्यात पारा ४३-४४ च्या घरात असताना शेतात, वीटभट्टीवर, हमालीवर राबणाऱ्याला आठ ग्लास पुरणारही नाहीत. त्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायला हवं. कामाच्या जागी संडास नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायांना ‘पाणी भरपूर प्या’ असं सांगून काही होत नाही. तिथे सल्ला मुकादमाला आणि नगरपालिकेला द्यावा लागतो.

आणि नांदेड जिल्ह्यात आणखी एक प्रश्न आधी विचारायला हवा, कुठलं पाणी? आपल्याकडे दख्खनचा काळा बेसाल्ट संपत जातो आणि जुना ग्रॅनाइट वर येतो. किनवटसारख्या भागातल्या खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड उतरतं. मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅमची. समजा एखाद्या बोअरमध्ये ते तीन मिलिग्रॅम आहे. दोन लिटर पिणाऱ्याच्या अंगात सहा मिलिग्रॅम जाईल, डॉक्टरांचं ऐकून पाच लिटर पिणाऱ्याच्या अंगात पंधरा. लेकरांचे दात पिवळे-तपकिरी होतात, पुढे सांधे आणि कणा ताठरतो. पाणी उकळून हे जात नाही, उलट आटल्यामुळे थोडं वाढतंच. फ्लोरोसिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात नांदेड जिल्हा आहे. तरीही आपल्या बोअरचा फ्लोराइडचा आकडा ठाऊक असलेली घरं शोधावी लागतात. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचा अहवाल मागता येतो. चार लिटर की दोन, हा वाद त्यानंतरचा.

तेलाची कथा मराठवाड्याला जवळची आहे, कारण करडई हे आपलं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाण काढले. घाण्याचं करडई तेल घरोघर होतं, आणि पुढे ‘हृदयासाठी चांगलं’ म्हणून तेच शहरांत डबाबंद विकलं गेलं. त्यामागचा तर्क असा की त्याने कोलेस्टेरॉल उतरतं. तो तर्क १९६६ ते १९७३ या काळात सिडनीत तपासला गेला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांपैकी निम्म्यांना लोणी वगैरे सोडून करडईचं तेल आणि त्याचं मार्जरीन खायला सांगितलं. कोलेस्टेरॉल उतरलं. पण जुने कागद पुन्हा तपासून २०१३ मध्ये बीएमजेत आकडे छापून आले, तेव्हा दिसलं की करडई गटात १७.६ टक्के माणसं दगावली होती आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के. मार्जरीनमुळे बिघडलं असेल, असा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. इतर काही प्रयोगांचा कौल याहून वेगळाही आहे. या एका प्रयोगावरून करडई टाकून द्यावी असं मी म्हणणार नाही, आमच्या घरात ती अजून आहे. कोलेस्टेरॉलचा आकडा उतरणं आणि माणूस जगणं या दोन गोष्टी एकच धरता येत नाहीत, एवढं यातून कळतं. तळणीचं तेच तेल चार दिवस वापरलं जातं, त्याबद्दल मात्र कुणी वाद घालत नाही.

रोज दहा हजार पावलं चालण्याच्या सल्ल्याचं थोडक्यात. तो आकडा १९६५ मध्ये जपानी कंपनीने काढलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. २०१९ मध्ये सरासरी ७२ वयाच्या १६,७४१ अमेरिकन बायांच्या पाहणीत ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचं प्रमाण घटलेलं दिसलं आणि ७,५०० नंतर आणखी फायदा दिसला नाही. कापूस वेचणाऱ्या बाईला हा सगळा हिशेब लागत नाही, तिला विश्रांती लागते.

सलाईनवर मात्र थांबावं लागेल. ताप, अंगदुखी, हातापायांत गोळे, अशक्तपणा, काहीही असो, ‘डॉक्टरसाब, एक बाटली लावा’ अशी मागणी रुग्णच करतो. गोळी लिहून देणारा डॉक्टर इथे कच्चा ठरतो. बाटलीत काय असतं? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. ‘ताकद’ म्हणून जी विकत घेतली ती एवढीच. बीपी असलेल्याच्या अंगात मीठ, शुगर असलेल्याच्या अंगात साखर, आणि वर सुईतून जंतू जाण्याची भीती. दिवसाची मजुरी बुडते ती निराळी. बाटली खरोखर लागते तेव्हा तिला पर्याय नसतो. ओकाऱ्या थांबत नाहीत, पेशंट गुंगीत आहे, डेंग्यूत रक्तदाब कोसळतोय, तेव्हा ती जीव वाचवते.

तोंडाने पिता येत असेल तर काय होऊ शकतं, हे १९७१ मध्ये बंगालच्या सीमेवरच्या बनगावला दिसलं. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हातात दिलं. ३० टक्क्यांच्या घरात गेलेलं मृत्यूचं प्रमाण चारच्या खाली आलं. आज तशीच पुडी ओआरएस म्हणून आशाताईंकडे फुकट मिळते. फुकट मिळते, म्हणूनच तिच्यावर भरवसा बसत नाही. पूर्ण लिटरभर पाण्यात एक पुडी, आणि पेल्यात चिमूट-चिमूट टाकायची नाही, एवढं सांगणारं माणूस हवं. मेडिकलमध्ये त्याच नावाशी मिळत्याजुळत्या नावाने गोड पेय खोक्यात विकलं जायचं, तसलं पेय जुलाबाच्या लेकराला द्यायचं नाही.

सल्ल्याला प्रश्न न विचारण्याची सगळ्यात मोठी किंमत मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांनी मोजली. अंगावरून जातंय, पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या तिशीतल्या बाईला ‘पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं जाई. पाळीचे दिवस म्हणजे खाडा, खाडा म्हणजे दंड. त्यामुळे मुकादमाची उचल डोक्यावर असलेल्या बाईला हा सल्ला सोयीचाही वाटे. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजलं आणि सरकारने समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साध्या जंतुसंसर्गावर गोळ्यांचा उपाय असतो. कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासणी असते, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क रुग्णाला आहे. हे त्या बाईला कोण सांगणार होतं? आडतीवरचा माणूस नांदेडला नाही पटलं तर निजामाबादला, तिथून हैदराबादला जाऊन विचारतो. प्रश्न विचारायलाही खिशात पैसा आणि हातात दिवस लागतो.

उलट्या बाजूचीही काळजी मला तितकीच वाटते. शंका घ्यायची सवय लागली की ती नको तिथेही जाते. ‘बीपीच्या गोळीची सवय लागते’ म्हणून डोकं दुखेल त्याच दिवशी गोळी घेणारे घरोघर आहेत. रक्तदाब वाढलेला बहुधा जाणवत नाही, आणि मग एके दिवशी अर्धांगवायू होतो. या गोळ्या अनेक दशकं, हजारो माणसांवर, वर्षानुवर्षं तपासलेल्या आहेत. सात पुरुषांच्या दोन आठवड्यांशी त्यांची बरोबरी होत नाही. टीबीच्या औषधाचंही तेच, महिन्याभरात बरं वाटलं म्हणून सोडलं तर आजार औषधाला न जुमानणारा होऊन परतू शकतो. लस, बीपीच्या गोळ्या, टीबीची औषधं यांच्यामागे पुराव्याचा डोंगर उभा आहे. आठ ग्लास, दहा हजार पावलं आणि ५५ मिनिटं यांच्यामागे तो नाही. दोन्हींवर सारखीच शंका घेणारा माणूस स्वतःचंच नुकसान करून घेतो. लोणचं, पापड, ठेचा खाणाऱ्या आमच्या गावात मिठाचा प्रश्न जेवणाच्या वेळांपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि त्यावर व्याख्यानाला गर्दी होत नाही.

या सगळ्या आढाव्यात जे प्रयोग आले ते प्रागचे, सिडनीचे, ग्वांगझूचे. दोनदा जेवण्याचा विचार लातुरातून उठला. त्याची नीट पारख लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून करावी, असं मला मनापासून वाटतं. चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत, दोन वर्षं पाठपुरावा करावा. त्यात आडतीवरचे व्यापारी असावेत, देठ खुडणाऱ्या बाया असाव्यात, रात्रपाळीचे रेल्वेवाले असावेत. वजन आणि साखरेबरोबर रक्ताचं प्रमाण आणि अंगातली ताकदही मोजावी. निकाल दीक्षितांच्या बाजूने लागो वा विरुद्ध, तो मराठीत छापून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावा, आणि त्याच्या शेजारी त्या गावच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा आकडा.